शोधा आणि बदला

सगळं झालं ते एका बल्बमुळे.

बल्ब बाथरूममधला. तो गेला म्हणून मुद्देसूदराव नवा आणायला दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "पिनचा की आट्यांचा?" आणि मुद्देसूदराव जागच्या जागी थिजले. प्रश्न अवघड होता असं नाही. घरातल्या प्रत्येक बल्बचा प्रकार, वॅट आणि बसवल्याची तारीख त्यांनी स्वतः लिहून ठेवली होती. पण ते लिहिलेलं घरच्या कॉम्प्युटरवर होतं आणि ते स्वतः दुकानात होते. फोनमध्येही त्यांच्या नोंदी होत्या, पण त्या निराळ्या. तिथे शोधल्यावर "बल्ब बघणे" एवढंच सापडलं. मागे रांग वाढत चालली होती. एका बाईंनी "अहो काका, दोन्ही घ्या ना" असा सल्लाही दिला. दोन्ही घेण्यातला वैचारिक पराभव मुद्देसूदरावांना मान्य नव्हता. त्यांनी छाती काढून पिनचा घेतला.

होल्डर आट्यांचा होता.

"निघताना होल्डरकडे एकदा बघायचं ना," बायको म्हणाली. इतक्या सोप्या उपायाकडे मुद्देसूदरावांनी दुर्लक्ष केलं, कारण त्यात पद्धत नव्हती.

मुद्देसूदराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलेलं नाव, आणि त्यात टिंगल आहे हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. विमा कंपनीच्या दावे विभागात ते उपप्रमुख होते. कोणाची पाण्याची टाकी फुटून सोफा भिजायचा, कोणाचा फ्रिज जळायचा. ती माणसं रडकुंडीला येऊन हकिगत सांगायला लागली की हे हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. मुद्दा एक काय?" पुष्कळ जण तिथेच दावा सोडून निघून जायचे, आणि कंपनीला हा गुण फार आवडायचा.

तर अशा माणसाला बल्बाने हरवलं. रविवारी त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं.

मेहुण्याचा धंदा गाड्यांच्या सीट कव्हरांचा. पण एकदा त्याने बहिणीचा बंद पडलेला प्रिंटर दोन चापट्या मारून चालू केला होता, आणि तेव्हापासून कॉम्प्युटर या विषयात घराण्याचा शेवटचा शब्द तोच. त्याने बल्बची कहाणी डोळे मिटून ऐकली आणि निदान केलं.

"भाऊजी, तुमचा प्रॉब्लेम बल्ब नाही. तुमचं डोकं दोन ठिकाणी आहे."

"म्हणजे?"

"अर्धं फोनमध्ये, अर्धं कॉम्प्युटरवर. ते एक करायचं. सगळं साध्या मजकुरात लिहायचं. रंग नाही, तक्ते नाहीत, नुसती अक्षरं. इथे लिहिलं की तिथे दिसणार, तिथे खोडलं की इथे खोडलं जाणार. त्याला सिंक म्हणतात. आणि साध्या मजकुराच्या फायली पन्नास वर्षांनीही उघडतात."

बाथरूमच्या बल्बची नोंद पन्नास वर्षांनी कोण उघडणार होतं, हे कोणी विचारलं नाही.

"आणि यातली खरी गंमत पुढेच," मेहुणा म्हणाला. "एखाद्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोनी कंस टाकायचे. तो शब्द दुसऱ्या नोंदीची कडी झाला. बोट लावलं की थेट तिकडे."

मुद्देसूदरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. आयुष्यभर ज्या माणसाने जगाकडे मुद्दे मागितले, त्याला आता मुद्द्याला मुद्दा जोडता येणार होता. पुढचे कितीतरी दिवस त्या घरात कंसांचा नुसता सुळसुळाट झाला. 'बाथरूम' या नोंदीतून 'बल्ब'कडे जाता येऊ लागलं, 'बल्ब'वरून 'वीजबिल', 'वीजबिल'वरून 'बायको' (तिच्या शेकाच्या मशीनला वीज फार लागते, असा त्यांचा आरोप होता), 'बायको'वरून 'प्रलंबित कामे', आणि 'प्रलंबित कामे'वरून पुन्हा 'बाथरूम'. मुद्देसूदराव सोफ्यावर बसून बोटाने ही प्रदक्षिणा घालायचे आणि समाधानाने मान हलवायचे. बाथरूममध्ये अजून अंधारच होता.

बायको फिजिओथेरपिस्ट. घराच्या पुढच्या खोलीत तिचं क्लिनिक. दुखऱ्या पाठी, आखडलेले खांदे आणि कुरकुरणारे गुडघे घेऊन माणसं दिवसभर यायची. प्रत्येकाची फाइल तिने कॉम्प्युटरवर ठेवलेली असायची. काय दुखतं, कशाने दुखतं, कोणते व्यायाम. व्यायामाचा कागद छापायचा, खाली सही करायची आणि पेशंटच्या हातात द्यायचा, इतकी सरळ तिची पद्धत. पण घरात दोन पद्धती नांदतात हे मुद्देसूदरावांना सहन होईना.

"तुझ्या फायली पण आपल्या फोल्डरमध्ये घेऊ या."

"माझं चाललंय ते बरं चाललंय."

"अगं, पण जोडलेलं नाही ना काही! तुझे गुडघे निराळे पडलेत, पाठी निराळ्या."

"माणसाचे गुडघे आणि पाठ निराळेच असतात," ती म्हणाली. पण रोज जेवताना हाच विषय निघायला लागला तेव्हा ती कंटाळून तयार झाली. "घ्या. पण एक सांगते, माझ्या फायलींना हात लावायचा नाही. माणसांच्या हाडांचा प्रश्न आहे तो."

"हात कशाला लावतोय?" मुद्देसूदराव म्हणाले. ते खरंच होतं. पुढे जे झालं ते त्यांनी नुसत्या एका बोटाने केलं.

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात भेटले. मुद्देसूदराव आता जिन्यात भेटेल त्याला फोन दाखवत असत. डॉक्टरांनी तो नीट पाहिला, तोंड उघडायला सांगतील की काय असा चेहरा केला आणि विचारलं, "सिंक एकच?"

"एकच."

"तुम्ही एकाच दाताने चावता का?"

मुद्देसूदरावांनी नाही म्हटलं.

"मग? उद्या तो एक बंद पडला तर? दुसरा जोडून ठेवा. मी लावून देतो."

डॉक्टरांनी दुसरा सिंक लावून दिला. आता एकाच फोल्डरवर दोन सिंक कामाला लागले. दोघेही कष्टाळू. पहिल्याने नेलेलं दुसरा परत आणायचा आणि दुसऱ्याने आणलेलं पहिला जुनं समजून पुन्हा बदलायचा. आणि जिथे दोघांचं एकमत होईना, तिथे ते मालकाला विचारायचे.

एकदा दुपारी बायको एका गृहस्थांचा खांदा फिरवत होती. दार उघडंच होतं. आतल्या खोलीतून मुद्देसूदरावांचा खणखणीत आवाज आला. त्यांना पडद्यावरचं मोठ्याने वाचायची सवय होती.

"'बायको'मध्ये विसंवाद आढळला. कोणती बायको ठेवायची? फोनवरची की कॉम्प्युटरवरची?"

गृहस्थांचा खांदा हवेतच थांबला.

"फोनवरची नवी आहे," आतून विचारमग्न आवाज आला. "पण कॉम्प्युटरवरची जास्त भरलेली आहे. दोन्ही ठेवू का? दोन्ही ठेवल्यास जागा जास्त लागेल, म्हणतोय."

"घरी सगळं ठीक आहे ना हो?" गृहस्थांनी हळूच विचारलं.

"हात वर," बायको म्हणाली, आणि तो खांदा त्या दिवशी पूर्वी कधी गेला नव्हता इतका वर गेला.

घर जोडून झालं, राहिलं ऑफिस. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही हेच फोल्डर उघडावं म्हणून मुद्देसूदरावांनी माहिती सुरक्षा कक्षाकडे रीतसर अर्ज केला. कक्ष तळमजल्यावर होता आणि त्याचं दार कायम आतून बंद असे, हीच त्याची मुख्य सुरक्षा. उत्तर आलं: "आपण मागणी केलेल्या 'साधा मजकूर' या उत्पादनाच्या पुरवठादाराचे नाव कळवावे."

मुद्देसूदरावांनी कळवलं की साध्या मजकुराला पुरवठादार नसतो, ती नुसती अक्षरं असतात.

कक्षाने कळवलं की पुरवठादाराविना अक्षरे वापरणे धोरणात बसत नाही.

मुद्देसूदरावांनी विचारलं की मग हे पत्र कक्षाने कशात लिहिलं.

यावर कक्षाने काही दिवसांनी विभागप्रमुखांकडे प्रकरण पाठवलं. विभागप्रमुख म्हणजे मुद्देसूदरावांचे वरिष्ठ. ते लवकरच निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची रिकामी होणार आणि तिच्यावर कोण बसणार हे वरून ठरणार, एवढ्या एका विचारावर मुद्देसूदराव गेले कित्येक महिने तग धरून होते.

विभागप्रमुखांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तुमचं जे काही आहे ते मला कळलं नाही, पण तुम्ही आधुनिक दिसता. माझ्या निरोप समारंभात विभागातर्फे तुम्हीच बोला. मुख्य कार्यालयातून संचालक येणार आहेत. कागदबिगद नको, फोनवरूनच वाचा. त्यांनाही दिसू दे."

म्हणजे नोकरीतली सर्वांत मोठी मुलाखत ही अशी भाषणाच्या वेषात आली. मुद्देसूदरावांनी ते भाषण जिवाचं रान करून लिहिलं. फोनवर सुरुवात केली, कॉम्प्युटरवर वाढवलं, बसमध्ये कापलं, जेवताना पुन्हा वाढवलं. विभागप्रमुखांचा उल्लेख त्यात जागोजागी 'सर' असा होता, कारण ऑफिसात सगळे त्यांना सरच म्हणत.

समारंभाच्या दिवशी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून मुद्देसूदरावांनी हे भाषण शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांना वाचून दाखवलं. प्राध्यापक भाषेचे. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांखाली लाल रेघा मारल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर रेघा मारायला कोणी मिळत नाही याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

"'सर' नको," ते म्हणाले.

"का?"

"'सर' शाळेत असतात. ज्याच्या सहीने दावे मंजूर होतात तो साहेब. संचालकांसमोर तुम्ही 'सर, सर' करायला लागलात तर त्यांना वाटेल, गृहपाठ दाखवायला उभे राहिलात."

हे मुद्देसूदरावांना पटलं. एकेक 'सर' हाताने बदलायला वेळ नव्हता, पण त्याची गरजही नव्हती. 'शोधा आणि बदला' नावाची सोय अशाच प्रसंगासाठी असते. त्यांनी घरी येऊन फोनवर ती उघडली. शोधा: सर. बदला: साहेब. फोनने विचारलं, "फक्त या नोंदीत की सगळ्या नोंदींत?"

अर्धवट काम मुद्देसूदरावांनी जन्मात केलं नव्हतं. त्यांनी 'सगळ्या' या शब्दावर बोट ठेवलं.

क्षणभर गोल चक्र फिरलं आणि संदेश आला की हजाराहून अधिक ठिकाणी बदल केला आहे. आपण साहेबांचा इतक्या वेळा आदराने उल्लेख केला आहे हे पाहून मुद्देसूदरावांना स्वतःचंच कौतुक वाटलं. पुढच्या खोलीत बायकोचे पेशंट यायला लागले होते. ती छापलेल्या कागदांवर भराभर सह्या करत होती. ते तिला हात करून निघाले.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध संचालक, शेजारी विभागप्रमुख आणि त्यांच्या पत्नी. मुद्देसूदराव व्यासपीठावर चढले, खिशातून फोन काढला, तो सगळ्यांना दिसेल असा किंचित उंच धरला आणि वाचायला सुरुवात केली.

"साहेब्... साहेब्व..."

ते थांबले. पडद्यावर 'साहेब्वप्रथम' असं लिहिलेलं होतं. इथे 'सर्वप्रथम' होतं एवढं त्यांना आठवलं, आणि त्याच क्षणी काय झालं ते कळलं. 'सर' हा शब्द मराठीत एकट्याने राहत नाही, हे प्राध्यापकांनी सांगितलं नव्हतं. तो सरळमध्ये असतो, दुसऱ्यामध्ये असतो, सरकारात तर असतोच असतो. फोनने एकालाही सोडलं नव्हतं.

"सर्वप्रथम," त्यांनी सावरलं, "आदरणीय साहेब. साहेबांचा स्वभाव अत्यंत साहेबळ."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

"म्हणजे सरळ. आमचे साहेब आल्यापासून दावे निकाली काढण्याची आपली साहेबासाहेबी..." त्यांनी डोळे बारीक केले. सरासरी. हे सरासरी होतं. पण तोवर सभागृहात खसखस पिकली होती, आणि विभागप्रमुखांच्या पत्नी तोंडाला रुमाल लावून हलायला लागल्या होत्या.

मुद्देसूदरावांनी फोन डोळ्यांजवळ आणला. आता प्रत्येक ओळ म्हणजे पावसाळ्यातली पायवाट झाली होती, कुठे पाय टाकावा कळेना. मूळ शब्द आठवायला जावं तर पुढचा पडद्यावर दात विचकत उभा. त्यांनी वेग वाढवला. वेग वाढवला की माणूस समोर दिसेल ते वाचतो.

"साहेबकारी नियमांच्या निसाहेबड्या वाटेवर साहेबांचा पाय कधी घसाहेबला नाही. असा दुसाहेबा होणे नाही. आणि साहेबतेशेवटी एवढंच, की साहेब, आम्ही तुम्हाला कधीही विसाहेबणार नाही!"

सभागृह हसून कोसळलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. संचालक डोळे पुसत होते. विभागप्रमुख उठून व्यासपीठावर आले, त्यांनी मुद्देसूदरावांना कडकडून मिठी मारली आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारच्या टेबलावर बसला, आणि याच्यात एवढा विनोद आहे हे मला आज कळतंय. मला साहेबगिरीवरून कोपरखळी मारायची हिंमत दुसऱ्या कोणाची झाली नाही. क्षमा करा, दुसाहेब्या कोणाची."

पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांत मुद्देसूदराव ताठ उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या भाषणाला टाळ्या पडत होत्या, आणि त्यातली एकही टाळी त्यांच्या मुद्द्याला नव्हती.

त्यांच्यानंतर लेखा विभागातल्या बाई बोलल्या. हातात काही नव्हतं, चार वाक्यं बोलल्या आणि खाली बसल्या. विभागप्रमुखाची खुर्ची त्यांना मिळाली. मुद्देसूदरावांनाही वाऱ्यावर सोडलं नाही. संचालकांनी चहाच्या वेळी स्वतः जाहीर केलं की कर्मचारी करमणूक समितीचं अध्यक्षपद बऱ्याच दिवसांपासून योग्य माणसाच्या शोधात होतं.

घरी बायको दारातच उभी होती. हातात एक कागद.

"'पोटावर झोपा. दोन्ही हात डोक्यावर पसाहेबा,'" तिने वाचलं. "हे काय आहे?"

मुद्देसूदरावांनी कपाळाला हात लावला.

"'उशी मानेखाली साहेबकवा.' सकाळपासून जो आला त्याला दिलेत मी हे. सही करून दिलेत! मी वाचत बसत नाही, माझंच लिहिलेलं असतं ना ते. माझ्या फायलींना हात लावायचा नाही म्हटलं होतं."

"हात नाही लावला गं. सगळ्या नोंदी म्हणजे... आपल्या सगळ्या."

ती काही बोलली नाही. मुद्देसूदरावांनी ऑफिसात शेकडो नुकसानी पाहिल्या होत्या, पण नुकसान झालेला माणूस गप्प राहिला की काय करायचं याचा कुठलाच नियम त्यांना पाठ नव्हता. ती आत गेली आणि एकेका पेशंटला फोन करायला लागली. एक गृहस्थ म्हणाले की हात पसाहेबायला दुपारपासून प्रयत्न चाललाय, जमत आलंय, फक्त मान अवघडते. एक बाई म्हणाल्या की त्यांना वाटलं हे नवीन औषध आहे, त्या दुकानात विचारून आल्या. बाकीच्यांनी कागद अजून उघडलाच नव्हता, आणि पेशंटच्या आळशीपणाचा बायकोला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. एका बाईंनी तेवढा फोन उचलला नाही.

मेहुण्याला फोन लावला. तो हसून हसून बेजार झाला, मग म्हणाला, "ताई, घाबरू नकोस. त्यात काही नाही. उलटं फिरवायचं. साहेब शोधा, सर बदला."

मुद्देसूदरावांनी फोनवर उलटं फिरवलं. दुसाहेबा पुन्हा दुसरा झाला. पण बायकोच्या पेशंटांत 'बँकेचे साहेब' होते, 'कोपऱ्यावरचे साहेब' होते, ते सगळे सर होऊन बसले. तेही चाललं असतं. पण इकडे फोनवर उलटं फिरत असताना तिकडे कॉम्प्युटरवर डॉक्टरांचा सिंक सकाळचे बदल जिवापाड जपून बसला होता. त्याने ते परत आणले. पहिल्याने हरकत घेतली. मग दोघांनी मिळून प्रत्येक नोंदीच्या तीन-तीन प्रती केल्या: एक सरांची, एक साहेबांची, आणि एक दोघांची मिसळून. जुन्या प्रती जपून ठेवायची सोयही होती म्हणे. जागा वाचावी म्हणून मुद्देसूदरावांनी ती पहिल्याच आठवड्यात बंद केली होती.

"दोन सिंक लावायला कोणी सांगितलं?" मेहुणा ओरडला.

"बघा, दोन होते म्हणून वाचलं," जिन्यात डॉक्टर म्हणाले. "गेलं तर काहीच नाही ना? उलट तिप्पट झालं."

मग एकच उपाय उरला, हाताने. रोज संध्याकाळी क्लिनिक बंद झालं की दोघं जेवणाच्या टेबलाशी बसायची. ती तीन प्रतींतली एक निवडायची, ते एकेक शब्द दुरुस्त करायचे. सुरुवातीला फक्त 'सर' आणि 'साहेब' बघायचे. पण वाक्य वाचल्याशिवाय शब्द कळेना, आणि वाक्य वाचायला लागले तसे ते अडखळायला लागले. एका ठिकाणी लिहिलं होतं, "यांना दुखतं तिथे दाखवायची लाज वाटते. आधी इकडचं तिकडचं बोलावं." दुसऱ्या ठिकाणी, "हे गृहस्थ बरे होऊन महिने झाले. तरी येतात. घरी बोलायला कोणी नाही. येऊ द्यावं."

"याच्यात मुद्दा..." मुद्देसूदरावांनी सुरुवात केली आणि ते थांबले. त्यांच्या टेबलावर रोज येणारी माणसं त्यांना आठवली, भिजलेल्या सोफ्याची हकिगत टाकी बसवल्यापासून सांगणारी. त्यांनी गुपचूप पुढचा 'साहेब' खोडला.

"वाचू नका, दुरुस्त करा," बायको म्हणाली. पण चहा तिने दोघांसाठी टाकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दोन-तीन आठवड्यांत फायली माणसांत आल्या. दोन्ही सिंक बंद झाले. बायकोच्या फायली पूर्वीच्या जागी गेल्या, आणि त्या फोल्डरचं नाव तिने 'माझं' असं ठेवलं. मुद्देसूदराव करमणूक समितीच्या पहिल्या बैठकीची तयारी करू लागले. चेहरा जितका गंभीर ठेवावा तितकी माणसं जास्त हसत होती, याचा त्यांना अतोनात त्रास होत होता.

अशात एका सकाळी, फोन न उचललेल्या त्या बाई क्लिनिकमध्ये आल्या. कोर्टातून निवृत्त झालेल्या टंकलेखक. दोन्ही गुडघे गेलेले, आणि त्यांच्यासमोर बायकोने हात टेकले होते. कारण बाई भाऊ-भावजयीकडे राहायच्या, आणि भावजय त्यांना खाली बसू द्यायची नाही. पाणी भर, भाजी आण, जिना चढ, जिना उतर. विश्रांती घ्या म्हटलं की बाई हसून म्हणायच्या, "घरात असं कसं बसून राहायचं?"

त्या दिवशी बाई जिना चढून आल्या तेव्हा कठड्याला हातही लावला नव्हता. बायको बघतच राहिली. आत मुद्देसूदरावांनी पेपर खाली केला.

"अहो, तुम्हाला किती फोन केले!" बायको म्हणाली. "त्या कागदात चूक झाली होती. माझी... आमची. काही भलतं केलं नाहीत ना?"

"चूक?" बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "कोर्टात जन्म गेला माझा. लिहिलंय तसं करायचं, अर्थ काढत बसायचं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही जरा चमत्कारिक वाटलं. पण खाली सही होती."

त्यांनी चष्मा लावला आणि कोर्टात वाचावं तसं वाचलं. "'खुर्चीत टेकून बसावे. पाय साहेबळ करून समोरच्या टेबलावर ठेवावा. दुसाहेबा पायही तसाच. घाई करू नये. रोज साहेबाव.'"

'रोज सराव' असं लिहिलेल्या बायकोने मुद्देसूदरावांकडे पाहिलं. मुद्देसूदरावांनी छताकडे पाहिलं.

"पहिल्या दिवशी फार अवघड गेलं हो," बाई म्हणाल्या. "हॉलमध्ये बसले, पाय टेबलावर टाकले, साहेब बसतात तसे. भावजय आली. म्हणाली, हे काय? म्हटलं, उपचार. तिला कागद दाखवला. बसल्यावर काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं, पण आमचे जज्जसाहेब काय करायचे ते पाहिलेलं होतं. म्हटलं, पाणी आण. आणलं! मग दुसऱ्या दिवशी म्हटलं, पेपर आण. मग चहा. रोज साहेबाव म्हटलंय, खाडा कसा करायचा?"

"आणि गुडघे?"

"तुम्हीच बघा." बाई उभ्या राहिल्या, खाली बसल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. बायकोने दोन्ही गुडघे दाबून पाहिले. सूज उतरलेली होती. तिने कितीदा तोंडाने सांगितलं होतं तेच, फक्त या वेळी ते लेखी होतं.

"मग आज कशासाठी आलात?"

बाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"भावजयीची वेळ घ्यायला. तिचे गुडघे दुखायला लागलेत. दिवसभर उठबस होते ना आता." त्या कागदाची घडी घालू लागल्या. "तिला व्यायाम द्या चांगले. पण एक विनंती आहे बाई, तिच्या कागदावर तो शब्द घालू नका."